मूठभर तांदूळ

उपकारस्तुति हा शब्द आम्ही लहानपणापासून घरांत ऐकत आलों आहों. जेवावयास बसतांना, परीक्षेचा निकाल लागला म्हणजे, आजाऱ्यास उतार पडला म्हणजे, हा शब्द घरांतील वडील माणसांच्या तोंडीं असावयाचाच. सुखाच्या दिवसांत तो उच्चारण्यास कांहीं श्रम पडत नाहींत. भरल्या ताटावर बसून देवाचे आभार कोणीही मानील. परंतु ताट रिकामें असतां हा शब्द किती जड होतो, हें आम्हां दोघां भावंडांस सन २०२० मध्यें कळलें. त्या वर्षीं आमच्यांतील एक दहावींत व दुसरें आठवींत होतें. ह्या वार्षिकांत कांहीं तरी लिहा, असा गुरुजनांचा आग्रह झाला, तेव्हां त्या वर्षाखेरीज दुसरा विषय आम्हांस सुचेना.

मार्च महिन्यांत कोरोनाच्या सांथीमुळें सगळा देश बंद झाला. आमचे वडील भंडाऱ्यांत पितळी भांड्यांच्या एका दुकानीं कामाला होते. आमचें शहर पितळी भांड्यांकरितां पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. परंतु लग्नसराईच बुडाली, तेव्हां भांडीं घेणार कोण? दुकान मिटलें आणि पगारही थांबला. शाळा बंद, उपासनामंदिर बंद. घरांत टेलिफोन एकच. त्यावर एकानें धडा ऐकावा व दुसऱ्यानें वाट पाहावी, असा क्रम चालला होता. आधार होता तो नदीकांठच्या दीड एकर धानाचा. पाऊस चांगला लागला, रोवणी वेळेवर झाली, बांध्या हिरव्यागार दिसूं लागल्या, आणि वडिलांच्या तोंडावर पुष्कळ दिवसांनीं हंसूं आलें.

येथें आमच्या आजीविषयीं सांगितलें पाहिजे. आजी फारशी शिकलेली नव्हती. पवित्र शास्त्र ती बोट ठेवून, अक्षर जुळवून वाचीत असे. तिचा एक नेम होता. सकाळसंध्याकाळ भातासाठीं तांदूळ मोजून घेतले, कीं त्यांतील एक मूठ ती परत काढी व एका पत्र्याच्या डब्यांत टाकी. तो डबा आमचा नव्हे, अशी घरांत सक्त ताकीद होती. डबा भरला म्हणजे तो कोणाच्या तरी घरीं जाई. कोणाच्या, हें आजीच ठरवी. टाळेबंदीच्या दिवसांत आमचाच तांदूळ उधारीचा झाला होता, तरी तिची मूठ चुकली नाहीं. "आपल्यालाच पुरत नाहीं, तर दुसऱ्यासाठीं कशाला?" असें आम्हीं एकदां विचारलें. ती कांहीं न बोलतां तांदूळ धूत राहिली.

ऑगस्टच्या शेवटीं मध्य प्रदेशांत अतिशय पाऊस झाला. आमची वैनगंगा तिकडे शिवनी जिल्ह्यांत उगम पावते व बालाघाटाकडून आमच्या जिल्ह्यांत येते. वरचीं धरणें भरलीं, त्यांचें पाणी सोडावें लागलें, आणि येथें फारसा पाऊस नसतांही नदी चढूं लागली. ता. २९ शनिवार रोजीं संध्याकाळीं कारध्याचा जुना पूल दिसेनासा झाला. रात्रीं पाणी आमच्या गल्लींत शिरलें. प्रथम उंबऱ्याशीं, मग खाटेच्या पायांशीं, मग चुलीवर. आम्ही पुस्तकें उचलीत होतों, वडील गहूंतांदळाचीं पोतीं ओढीत होते, आई पाण्यांत चांचपडत भांडीं शोधीत होती. आजीनें मात्र एकच गोष्ट केली; तो पत्र्याचा डबा तिनें माळ्यावर नेऊन ठेवला. मध्यरात्रीं आम्ही सगळीं शेजारच्या पक्क्या घराच्या गच्चीवर गेलों. तेथें आणखीही कांहीं कुटुंबें आलीं होतीं. अंधारांत मधूनमधून कांहीं तरी कोसळल्याचा आवाज येई, आणि तें कोणाचें घर, हें जो तो मनांतल्या मनांत ओळखण्याचा प्रयत्न करी.

उजाडलें तो रविवार होता. चोहोंकडे पाणीच पाणी. आमचें विटांचें घर उभें होतें. परंतु समोरच्या बाईंचें मातीचें घर बसलें होतें, त्याचें कवेलूंचें छप्पर पाण्यावर आडवें दिसत होतें. त्या बाई विधवा. पदरीं दोन लहान मुलें. त्या आमच्यापासून हातभर अंतरावर बसून त्या छपराकडे पाहत होत्या. आणि त्याच वेळीं आजीनें डोक्यावर पदर घेतला, हात जोडले, व मोठ्यानें देवाची उपकारस्तुति केली. प्रार्थना संपल्यावर आईवडिलांनीं आमेन म्हटलें. आम्हां दोघांच्या तोंडून तो शब्द निघेना. आम्हांस लाज वाटली. जिचें घर गेलें तिच्यादेखत, आमचें राहिलें म्हणून आभार मानावयाचे?

दुपारीं एक ढिवर आपला डोंगा घेऊन गल्लींतून आला व त्यानें चार खेपा करून आम्हां सर्वांना कोरड्या जागीं पोंचविलें. तो कोणत्या गांवचा, त्याचें नांव काय, हें विचारण्याचें त्या घाईंत कोणालाच सुचलें नाहीं. त्याला पैसे देऊं केले, तेव्हां त्यानें हात हलविला आणि डोंगा पुढच्या गल्लीकडे वळविला. पुढील तीन दिवस एका शाळेच्या वर्गांत काढून आम्ही घरीं आलों, तों घरांत घोट्यापर्यंत गाळ. पोतीं कुजून त्यांना दुर्गंधि सुटली होती. नदीकांठच्या बांध्यांत पाणी सांचून धान पिवळें पडलें होतें. पुढें तें सारें सडलें. खाण्याजोगें धान्य म्हणाल तर माळ्यावरच्या त्या डब्यांतील तांदूळ, तेवढेच काय ते कोरडे राहिले होते.

आजीनें डबा खालीं काढविला, सगळे तांदूळ एका फडक्यांत ओतले, आणि तें गांठोडें समोरच्या बाईंच्या हातीं दिलें. "नेम होता तुझाच, बाई," एवढेंच ती म्हणाली.

त्या रात्रीं आम्ही आजीशीं भांडलों. लिहितांना संकोच वाटतो. परंतु भांडलों हें खरें. आम्हीं म्हटलें, "आजी, तुझ्या देवानें आमचें घर राखलें म्हणून तूं आभार मानलेस, मग त्यांचें घर त्यानें कां पाडलें? आणि राखावयाचेंच होतें, तर धान कां नाहीं राखलें? आणि आतां उद्यां आम्हीं काय खावें?" आई आम्हांस दटावूं लागली. आजीनें तिला थांबविलें. थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "घर राहिलें म्हणून मीं आभार मानले नाहींत, पोरांनो. तो त्या पाण्यांतही आपल्यापाशीं होता म्हणून मानले. आणि घर राहिलें तें कोणासाठीं राहिलें, एवढें मीं त्याला विचारलें."

दुसऱ्या दिवशीं शहरांतील मदत करणारी मंडळी शिधा घेऊन आमच्या गल्लींत आली, आणि उपास पडला नाहीं. परंतु आम्ही त्याला प्रार्थनेचें फळ म्हणावयास तयार नव्हतों. समोरच्या बाई दोन्ही मुलांसह आमच्या पुढच्या खोलींत राहूं लागल्या. घर कोणासाठीं राहिलें, ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्या डोळ्यांसमोर हिंडत होतें. पण राग गेला नव्हता, म्हणून तें आम्हांस दिसलें नाहीं.

ऑक्टोबर महिन्यांत आजी गेली. सांथीनें तिला गांठलें. आठ दिवस ती रुग्णालयांत होती. आम्हांला तिला भेटतां आलें नाहीं. दफनास मोजकीं माणसें; गीत नाहीं, खांदा नाहीं. जिनें सबंध गल्लीच्या घरोघर तांदूळ पोंचविले, तिच्या पेटीवर माती टाकावयास गल्लींतील एकही मनुष्य येऊं शकला नाहीं, हें शल्य आम्हांस अजून बोंचतें.

त्यानंतरच्या दिवसांत आमचे पाळकसाहेब दोन वेळां आले. त्यांनीं उपदेश केला नाहीं. पंडिता रमाबाईंचें चरित्र वाचावयास दिलें. रमाबाईंचें नांव आम्हांस ठाऊक होतें, पण त्यांचें दुःख ठाऊक नव्हतें. सन १८७४ च्या सुमारास दुष्काळांत त्यांचे आईबाप थोड्याथोड्या अंतरानें गेले. त्या स्वतः अन्नावांचून वणवण फिरल्या. १८८० मध्यें भाऊ गेला, १८८२ मध्यें पति गेला, कडेवर एक लहान मुलगी राहिली. १८८३ मध्यें इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें १८९६-९७ मध्यें मध्य प्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. आमचा भंडारा जिल्हा त्या वेळीं त्याच प्रांतांत होता, आणि धानाच्या मुलखास त्या दुष्काळाची झळ फार लागली. रमाबाई पुण्यास स्वस्थ बसल्या नाहींत. आपण मुलगी असतांना भूक कशी सोसली हें त्यांस आठवत होतें, म्हणून त्या मध्य प्रांतांत आल्या आणि सुमारें ३०० मुली त्यांनीं मरणाच्या दाढेंतून काढून नेल्या. केडगांवची मुक्ति ही संस्था त्यांतूनच वाढीस लागली.

हें वाचतांना आजीचा डबा आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला. आपण वांचलों हें रमाबाईंनीं बक्षीस समजून पेटींत ठेवलें नाहीं. तें देणें समजून फेडीत गेल्या. आईबापांच्या मरणाबद्दल त्यांनीं आभार मानले असतील, असें आम्हांस वाटत नाहीं, आणि देव तशी अपेक्षा करीत असेल असेंही वाटत नाहीं. पौलानें थेस्सलनीका येथील मंडळीस प्रत्येक स्थितींत उपकारस्तुति करावयास सांगितलें. प्रत्येक दुःखाबद्दल नव्हे. 'स्थितींत' व 'दुःखाबद्दल' ह्या दोन शब्दांतील अंतर आम्हीं व्याकरणाच्या तासाला शिकलों नव्हतों. गच्चीवर बसून आजीनें तें आम्हांस शिकविलें होतें, आणि आम्हीं तिच्याशीं भांडण केलें होतें.

पाळकसाहेबांनीं बोलतां बोलतां नारायण वामन टिळकांचीही गोष्ट सांगितली. सन १८९३ च्या सुमारास टिळक नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात होते. ती वाट आमच्याच जिल्ह्यांतून, आमच्या वरठीवरून जाते. त्या गाडींत एका अनोळखी युरोपीय प्रवाशानें त्यांस नवा करार वाचावयास दिला. १८९५ मध्यें टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि पुढें त्यांचीं गीतें मराठी उपासनेचा प्राण झालीं. एवढी मोठी देणगी देणारा तो मनुष्य गाडींतून उतरून आपल्या वाटेनें गेला. हें ऐकल्यावर आम्हांस तो डोंगेवाला आठवला. देवाचे उपकार पुष्कळदां असेच येतात; नांव न सांगतां, मोबदला न घेतां, दुसऱ्या गल्लीकडे वळतां वळतां. मग आम्हीं ते फेडावे कोणाला? ज्याचें घर पडलें त्याला. दुसरा पत्ता आम्हांस ठाऊक नाहीं.

ता. १६ नोव्हेंबर २०२० पासून उपासनामंदिरें पुन्हा उघडलीं. त्यानंतर हंगामाच्या उपकारस्तुतीचा रविवार आला. दरवर्षीं त्या दिवशीं वेदीपाशीं नव्या धानाच्या पेंढ्या, भोपळे, केळीं, कोंबड्या ह्यांची गर्दी होते. हबक्कूक संदेष्ट्याचें शेवटचें प्रकरण त्या दिवशीं वाचलें गेलें. शेतांत अन्न नाहीं, गोठ्यांत गुरें नाहींत, तरीही देवाच्या ठायीं आनंद करीन, असा त्याचा निश्चय त्यांत आहे. पूर्वी तें आम्हांस काव्य वाटे. त्या वर्षीं तें आमच्या बांध्यांचें वर्णन वाटलें.

आमच्यापाशीं आणावयाला धान नव्हतें. आम्हीं आजीचा तो डबा घासूनपुसून घेतला. तिच्या मागें आम्हीं दोघांनीं तिचा नेम धरला होता, म्हणून डबा निम्मा भरला होता. निघतांना समोरच्या बाई दारांत आल्या. त्यांच्या घराच्या भिंती नुकत्याच उभ्या राहत होत्या. माहेराहून आलेल्या नव्या तांदळाची एक मूठ त्यांनीं पदरांतून काढली व म्हणाल्या, "आजींच्या डब्यांत घाला." त्यांनीं ती मूठ आपल्या हातानें डब्यांत सोडली. त्या रविवारीं प्रार्थना संपल्यावर आम्हीं आमेन म्हटलें. गच्चीवरचें राहिलेलें आमेन तेंच होतें.

असो. आमच्या सर्व प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं, असें आम्ही म्हणत नाहीं. एक घर कां राहतें व दुसरें कां पडतें, हें आम्हांस आजही सांगतां येत नाहीं. परंतु एवढें शिकलों, कीं संकटांतील उपकारस्तुति ओठांवर संपत नाहीं. ती मुठींत उतरावी लागते. आमच्याहून लहान अशा ह्या शाळेंतील बंधुभगिनींवर कठीण दिवस न येवोत, अशी आमची प्रार्थना आहे. आलेच, तर त्यांनीं प्रथम देवाशीं मोकळेपणानें भांडावें, आणि मग उठून शेजाऱ्याचें दार ठोठवावें. तो डबा अद्याप आमच्या माळ्यावर आहे. आज सकाळचीही मूठ त्यांत पडली आहे.