थरथर

पुतण्याने गेल्या वर्षी एक जुनी, चारही चाकांना ओढ देणारी गाडी घेतली. अशी गाडी लोक खाचखळग्यांसाठी घेतात. याने ती जमिनीलगत आणली. मागच्या दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढला, उरलेल्यांची कमान उतरवली, पुढेही तशीच काटछाट केली. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात उभी राहिली तेव्हा ती देखणी दिसत होती, हे मान्य केले पाहिजे. मी मात्र त्याला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ऐकवले. नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. तो गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी पुणे महामार्गावर साठाच्या पुढे गाडी थरथरू लागली.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दर महिन्याला तपासणीसाठी पुण्याला न्यावे लागते, आणि ते याच गाडीतून. त्यामुळे हा केवळ हौसेचा प्रश्न उरला नाही. आम्ही गॅरेज पालथी घातली. सर्वत्र एकच शब्द सांगितला : व्हायब्रेशन. एकाने चाकांचे बॅलन्सिंग केले, दुसऱ्याने अलाइनमेंट, तिसऱ्याने दोन टायर विकले. थरथर होती तशीच राहिली.

चौथा मिस्त्री बॉनेटला हातही न लावता म्हणाला, "सर, हादरतीय, थरथरतीय, का नुस्ती घुमतीय?"

मला उत्तर देता आले नाही. समानार्थी शब्द खरे तर समानार्थी नसतात, हे वीस वर्षे वर्गात सांगत आलेला मी, एका परक्या शब्दाखाली तिन्ही गोष्टी झाकून बसलो होतो. उत्तर आले मागच्या सीटवरून. अण्णांचे आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेले, कान तिथेच गेले. प्रश्न त्यांना ऐकू आला असेल असे वाटत नाही. गाडीच्या तळाशी पंजा टेकवून ते म्हणाले, "ओढ घेताना थरथरती. पाय काढला की गप."

मिस्त्रीला तेवढे पुरले. चाकाचा तोल गेला असता तर थरथर वेगावर अवलंबून राहिली असती, ॲक्सिलरेटर सोडल्यावर थांबली नसती. त्याने मागचा प्रोपेलर शाफ्ट उतरवला, लिव्हर चारवर टाकून गाडी फक्त पुढच्या चाकांवर पळवून आणली. गाडी शांत होती.

मग त्याने जे समजावले ते मी घरी येऊन पुन्हा वाचून काढले. या शाफ्टच्या दोन्ही टोकांना मिस्त्री लोक 'क्रॉस' म्हणतात तो सांधा असतो. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने अभ्यासलेला. तिरक्या कोनात फिरताना तो गती एकसारखी पुढे पोचवत नाही. दर फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दीड टक्क्याच्या आसपास, २० अंशांवर सहा टक्क्यांच्या वर. कोन दुप्पट, फरक चौपट! तरी गाडी नीट चालते ती दुसऱ्या सांध्यामुळे. त्याचा कोन पहिल्याएवढाच असला की पहिल्याची चूक तो उलट चुकीने फेडतो. दोघांपैकी एकही सांधा निर्दोष नसतो. पाटे उतरवल्यावर मागचा आस वर सरकला, डिफरन्शियलचे नाक कलले, आणि दोन कोनांचा हिशेब जुळेनासा झाला.

मिस्त्रीने दोन उपाय सांगितले : आस आणि पाट्यांमध्ये पाचर ठोकून नाकाचा कोन सुधारायचा, म्हणजे गाडी खालीच राहील, नाहीतर काढलेले पाटे परत घालायचे. माझ्या जिभेवर कलम ५२ पुन्हा आले होते, पण मी बोललो नाही. पुतण्या अण्णांच्या पंजाकडे पाहत होता.

"पाटे घाला," तो म्हणाला. "कमानीसकट."

पुढच्या महिन्यात मोहोळ ओलांडल्यावर अण्णांनी हात खाली टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग मांडीवर घेतला आणि खिडकीबाहेर पाहू लागले.