नाव डॅनिश, गाव व्हिएन्ना

डॅनिश पेस्ट्री आपण कॉफी शॉपच्या काउंटरवर बोट दाखवून मागतो. गोल, खुसखुशीत, मध्ये जॅम नाहीतर कस्टर्ड. पण खुद्द डेन्मार्कमध्ये हिला कुणी 'डॅनिश' म्हणतच नाही! तिथे ती 'व्हीनरब्रोद', म्हणजे व्हिएन्नाचा ब्रेड. आणि व्हिएन्नात? 'कोपेनहागनर प्लुंडर'. घ्या!

या घोळाचं मूळ एका संपात आहे असं सांगतात. 1850 मध्ये डेन्मार्कच्या बेकऱ्यांमधले कारागीर संपावर गेले. मालकांनी बाहेरून माणसं आणली, त्यात ऑस्ट्रियाचेही होते. ते आपली घड्यांची रीत घेऊन आले. पुढे संप मिटला, पण रीत राहिली. डॅनिश कारागिरांनी तिच्यात लोणी वाढवलं आणि नावात मात्र व्हिएन्ना तशीच ठेवली. याला म्हणतात इमानदारी.

आई चिरोट्यांना साटा लावून घड्या घालते ना, साधारण तोच फंडा. फक्त इथे पिठात यीस्ट आणि अंडं, आणि साट्याऐवजी गार लोण्याची अख्खी लादी. तीन पदरी घडी, लाटायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं. असं तीनदा, की लोण्याचे 27 थर. ओव्हनमध्ये लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. लाटतानाच लोणी वितळलं, तर खेळ खलास. मग तो नुसता गोड पाव.

नावांचा घोळ मला ओळखीचा आहे. पुण्यात मी सांगलीची, मुंबईत पुण्याची, आणि कोपनहेगनला ऑनसाइट गेले तेव्हा सरळ 'इंडियन कन्सल्टंट'. तिथे दर शुक्रवारी टीममधला एक जण सगळ्यांसाठी ब्रेकफास्ट आणायचा. पाळ्यांची यादी फ्रिजवर. त्यात माझं नावच नाही! विचारलं, तर अगदी गोड हसून, "छे, तुला कशाला त्रास?" दोन महिने फुकट खाल्लं, आणि खरं सांगू, दर शुक्रवारी ते थोडं टोचायचं. पाहुण्याला कुणी भांडी घासायला सांगत नाही, तसं.

शेवटी एक शुक्रवार रिकामा दिसला. पेन काढलं आणि नाव लिहून टाकलं.

सकाळी साडेसहाला मिट्ट काळोख, नाक गोठलेलं, आणि बेकरीतून दालचिनीचा वास. डझनभर घेतले: अर्धे कनेलस्नाइल, म्हणजे दालचिनीची गोगलगाय, आणि अर्धे मध्ये पिवळं कस्टर्ड असलेले स्पंडाउर. या स्पंडाउरला डॅनिश लोक 'बेकरचा खराब डोळा' म्हणतात. तरी आवडीने खातात!

ऑफिसात खोका उघडला. सगळे जमले, खाऊ लागले, हसू लागले. एरवी मी आले की गप्पा चटकन इंग्रजीवर यायच्या. त्या दिवशी त्या डॅनिशमध्येच चालू राहिल्या. मला एक अक्षर कळलं नाही. मी दुसरी गोगलगाय उचलली आणि तिथेच उभी राहिले. पुढच्या महिन्याच्या यादीत माझं नाव छापूनच आलं.