६१७४ : संगणकाआधीचा एक हौशी प्रोग्राम

१/ कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक मात्र सारखे नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. ३५२४ घेतल्यास : ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. यापुढे ६१७४ हेच उत्तर येत राहते.

२/ १९४९ साली हे कोडे जगापुढे मांडणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. गणितातील पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. कागद, पेन्सिल आणि फावला वेळ, एवढेच त्यांचे भांडवल.

३/ १५ मध्ये त्याच्याच अंकांची बेरीज मिळवली की २१ येतात. २० मात्र अशा रीतीने कोणत्याच संख्येपासून मिळत नाहीत. अशा संख्यांना त्यांनी गावाचे नाव दिले : देवळाली संख्या.

४/ अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटला. बरेचसे लेखन कापरेकरांनी स्वखर्चाने छापले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे वय सत्तर होते.

५/ आज नांदेड जिल्ह्यातील उमरीत बसलेला एखादा हौशी प्रोग्रामर दहा-बारा ओळी लिहून अशा सर्व ८९९१ संख्या क्षणात तपासू शकतो. मधल्या उत्तरात आलेले शून्य राखले, तर सातांहून अधिक पायऱ्या कोठेही लागत नाहीत. कापरेकरांची रीत मुळात प्रोग्रामच होती. ती चालवणारे यंत्र तेवढे देवळालीत नव्हते. म्हणून घरातल्या मुलाची असली ‘रिकामटेकडी’ वही रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी.