नाकासमोर चालू नये

स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला वेग शिकवावा लागत नाही. शिकवावं लागतं ते सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडणं. मुंबईत अशा गाड्या नव्या मालकाच्या ताब्यात द्यायच्या आणि पहिले काही दिवस शेजारी बसून मालकाला, त्याहून जास्त त्याच्या ड्रायव्हरला, ती चालवायला शिकवायची, हा माझा धंदा. कोस्टल रोडवर माझी कोणाला गरज नसते. तिथवर पोहोचेपर्यंत असते.

मालक पहिल्यांदा विचारतो ते ग्राउंड क्लिअरन्स. तो आकडा एकटा फारसा कामाचा नाही. बंपरखालची लिप जमिनीपासून किती वर आहे आणि पुढचं चाक जिथे टेकतं तिथून ती किती पुढे आली आहे, या दोन मापांचा मेळ पाहायचा. समजा लिप 100 मिलिमीटर वर आहे आणि 900 मिलिमीटर पुढे आहे. मग सपाटीवर असताना समोर 1:9 पेक्षा उभा चढ आला, की चाक चढायच्या आत लिप टेकलीच. आपल्या इमारतींच्या बेसमेंटचे रॅम्प 1:8 चे सर्रास असतात. कोट्यवधींची गाडी पहिल्यांदा घासते ती घरच्याच दारात.

गंमत अशी, की इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक या गाड्यांना छळत नाही. रुंदी 3.7 मीटर, मधोमध उंची 10 सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या 17 मीटर. कडेला त्याचा चढ जेमतेम 1:9 भरतो आणि पुढे लगेच कमी होत जातो. वर सांगितलेल्या मापांची गाडी त्यावरून हळू, सरळ निघून जाते. पोटही टेकत नाही. असा गतिरोधक कुठे सापडला तर मी ड्रायव्हरला मुद्दाम तिथे नेतो. एरवी गल्लीत भेटतो तो उरल्यासुरल्या डांबराचा, हातभर रुंद आणि सहा इंच उंच बांध. त्यावर पांढरे पट्टेही नसतात. तिथे नाक वाचलं तरी पोट अडकतं, आणि पोटाखाली काय काय असतं हे ज्याने कधी जुन्या गाडीचा चेंबर फोडून घेतलाय त्याला सांगायला नको. अशा ठिकाणी एकच कसब चालतं, दुसरा रस्ता धरण्याचं.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवतो तो उजव्या पायावर. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, पुढच्या स्प्रिंगा दबतात, नाक खाली जातं. शिकाऊ माणूस गतिरोधकाच्या अगदी तोंडाशी ब्रेक दाबतो, म्हणजे जिथे नाक वर हवं नेमकं तिथेच ते खाली नेतो. ब्रेक आधी लावून संपवायचा. गाडी जवळजवळ थांबली की पाय सोडायचा. नाक वर येतं ते सीटमध्ये बसल्या बसल्या कळतं. मग चाक चढवायचं. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडल्यावर आपणहून सरकते, तेवढा वेग पुष्कळ. उतरतानाही तेच. पुढची चाकं उंचवटा ओलांडून खाली येत असताना घाबरून ब्रेक मारला, तर चढताना वाचलेली लिप उतरताना जाते. हे सांगून समजतं, पण पायाला पटायला वेळ लागतो. मागून रिक्षावाला हॉर्न देत असला तर आणखी जास्त.

पोर्श 911 ची एक गोष्ट ड्रायव्हरना आधी खोटी वाटते. इंजिन मागे, पण पेट्रोलची टाकी पुढे, आणि सामान ठेवायची जागाही पुढेच. टाकी फुल करून पुढे बॅगा टाकल्या की नाक थोडं बसणारच. मग सकाळी ज्या उंचवट्यावरून गाडी बिनबोभाट गेली, तिथेच ती पंपावरून परतताना घासते आणि ड्रायव्हर महापालिकेच्या नावाने शंख करतो.

तिरकं चढवा, हा सल्ला गाडीतलं फारसं न कळणाराही देतो. तो बरोबर आहे, पण का ते कळलं तरच उपयोगी. बंपर मधोमध सर्वांत पुढे आलेला असतो आणि कडांना मागे वळलेला असतो. कोपरा पुढे करून गेलं की त्या बाजूचं चाक लवकर चढतं आणि आपल्याबरोबर नाकही उचलतं. पण यासाठी रस्ता रुंद हवा. पार्ल्याच्या एखाद्या गल्लीत तुम्ही तिरके होऊ लागलात की मोकळ्या झालेल्या बाजूने दोन स्कूटर घुसतात. काच खाली करून हात दाखवणं हा म्हणून गाडी चालवण्याचाच भाग. बांध अरुंद आणि उंच असेल, तर तिरकं जाऊन नाक सुटतं आणि पुन्हा पोटच अडकतं.

अनोळखी रॅम्पवर मी आधी चालत जातो. चढ जिथे सुरू होतो आणि उतार जिथे सपाटीला मिळतो, तिथे काँक्रीटवर आधीच्या गाड्यांचे ओरखडे असतात. काळे असतील तर रबर किंवा प्लॅस्टिक गेलंय. रंग दिसला तर बंपर. ओरखडे कोणत्या बाजूला कमी आहेत त्यावरून गाडी कुठून न्यायची ते ठरतं. हे सगळं मी वाकून बघत असतो तेव्हा वॉचमन संशयाने बघतो. बघू दे.

लिफ्टचं बटण असलेल्या गाड्या आता बऱ्याच. बहुतेकांत नाक चाळीसेक मिलिमीटर वर येतं, पण ठरावीक वेगाच्या आतच, आणि वर यायला दोन-तीन सेकंद लागतात. चिखलात पाय टाकण्याआधी धोतराचा सोगा उचलावा, तसं ते बटण आधी दाबायचं असतं. अमेरिकेतली शेवरोले कॉर्व्हेट जीपीएसवरून हजार ठिकाणं लक्षात ठेवते आणि तिथे आली की आपणच नाक उचलते. कल्पना छान आहे. फक्त काल रात्री कोणी नवा बांध घातला, हे तिला कोण सांगणार? लिफ्टमुळे डोळे सुस्तावतात असं माझं मत आहे. लिफ्ट असलेल्या गाडीवरही मी आधी बटणाविनाच शिकवतो.

घासण्याचा प्रत्येक आवाज वाईट नसतो. खालची रबरी पट्टी सरपटत गेली तर नुसतं फरफटल्यासारखं ऐकू येतं. ती झिजण्यासाठीच लावलेली असते, पुढे बदलता येते. प्लॅस्टिकचा आवाज करकरीत आणि लांबलचक. कार्बन फायबरचा स्प्लिटर मात्र एकदाच कडकन वाजतो आणि मग बिल येतं. आवाज आला की लोक घाबरून रिव्हर्स टाकतात. लिप पुढे सरकताना मागे दुमडते, ते तिला चालतं. मागे ओढली की तिची कड अडकते आणि आख्खा बंपर क्लिपांतून निघून येतो. तेव्हा थांबायचं, उतरायचं, खाली बघायचं. बहुतेक वेळा एखादी फळी चाकापुढे सरकवून काम भागतं.

2022 मध्ये पोर्शने 911 डकार दाखवली, लॅम्बोर्गिनीने हुराकान स्टेराटो. स्टेराटो तर नेहमीच्या हुराकान इव्होपेक्षा 44 मिलिमीटर उंच. तेव्हापासून मला विचारणारे असतात, ती घेतली तर कटकट मिटेल ना? मी आधी बेसमेंटच्या रॅम्पचं माप मागतो. पुष्कळदा रॅम्पच्या तळाशी आणि तोंडाशी मीटर-दोन मीटर लांबीचा, निम्म्या चढाचा टप्पा काँक्रीटने करून घेतला, तर आहे तीच गाडी न घासता येते-जाते. काम लहान, खर्च गाडीच्या एका टायरच्या आसपास. पण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत उभं राहून हा विषय मांडायला अजून एकही मालक तयार झालेला नाही.