आईची कंबर

सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढले. जूनमध्ये तीनदा कठड्याला टेकावं लागलं होतं. तेव्हा ठरवलं होतं, दिवाळीपर्यंत बारा किलो कमी. झाले तीन. तेही फराळाआधी.

शिवणाऱ्या काकू माप घेताना म्हणाल्या, "अगदी आईच्या वळणावर गेलीस." पूर्वी हे ऐकून जेवण गेलं नसतं. आज हसू आलं. रुंद कंबर, जाड दंड हा आजीपासून चालत आलेला ऐवज. तो जिममध्ये कुठे जमा करणार?

वजन-उंचीवरून काढतात त्या बीएमआयचं सूत्र मांडणारा केतले हा एकोणिसाव्या शतकातला बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, माझा ब्लाउज बेतायचा नव्हता. पोटाचा घेर मात्र मी सोडून देणार नाही. आपल्याकडे बायकांसाठी ८० सेंटिमीटरची मर्यादा सांगतात, माझा ८६ भरतो, आणि माहेरी मधुमेह आहे. तो टेपशी रोखठोक व्यवहार. दंडांशी भांडण मिटलं.

गुरुवारपासून पर्वती उतरून पुन्हा एकदा चढायची. गुडघा काय म्हणतो बघू.