पवईचा गाळ

पवई तलाव 1891चा. मुंबईला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधलेला. पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, तसं ते काम सुटलं. राहू, कटला, मृगळ या तिथल्या माशांना मात्र दुसरीकडे जाता येत नाही.

तलावात विसर्जित केलेल्या मूर्तीवरचा भडक पिवळा-केशरी रंग लेड क्रोमेटचा असेल, तर शिसं आणि क्रोमियम दोन्ही एकदम पाण्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची विसर्जनाची नियमावली 2010ची, सुधारित 2020ची. पण आधीच तळाशी बसलेला धातू कुजत नाही, विरत नाही. वरचं पाणी तपासून समाधान मानणं मला पटत नाही. गाळ तपासा.

कॅडमियम हाही असाच एक धातू. त्याचा कण आकाराने जवळजवळ कॅल्शियमएवढा. मासा कल्ल्यांतून पाण्यातलं कॅल्शियम घेतो, त्याच वाटेने कॅडमियम आत शिरतं आणि यकृतात, मूत्रपिंडात साठत जातं. त्याला बांधून ठेवायला शरीर मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन बनवतं. वाढीला आणि अंड्यांना लागणारं बळ त्यात खर्ची पडतं. मासा पोहताना दिसतो, म्हणून तो निरोगी असं नव्हे. पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर कॅडमियम जास्त बाधतं. म्हणून धातूच्या आकड्याशेजारी पाण्याच्या कठीणपणाचा आकडाही हवाच.

प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश मधमाश्यांच्या अभ्यासामुळे ठाऊक असतात. 1938मध्ये त्यांनी दाखवलं की मिन्नो माशाची कातडी फाटली की एक द्रव्य पाण्यात सुटतं आणि त्याच्या वासाने बाकीचे पळतात. राहू याच गणातला. पाण्यात विरघळलेलं तांबं, लिटरमागे काही मायक्रोग्रॅमसुद्धा, माशांचं हे घ्राण बोथट करतं. मासा मरत नाही. त्याला शत्रू कळत नाही. मेलेले मासे मोजून हे नुकसान कधीच सापडायचं नाही.

जलपर्णीची मुळं धातू शोषतात. ती तलावातच कुजली की सगळं परत गाळात. काढायची तर हिरवी असतानाच, आणि ढीग काठावर मुळीच नको.

खाणाऱ्यांसाठी: आतडी-काळीज टाकलं की कॅडमियमचा बराच भाग जातो. पाऱ्याचं तसं नाही. प्राणवायू नसलेल्या गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, ते मांसात बसतं, तळून जात नाही. लहान मासे खाणाऱ्या मरळीत ते अधिक साचतं.

केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था याच शहरात, वर्सोव्याला आहे. विसर्जनाआधी, विसर्जनानंतर आणि पाणी आटल्यावर मे महिन्यात, असं तीनदा मरळीचं मांस, राहूचं यकृत आणि गाळ तपासावा. आकडे मराठीत, गळ टाकतात त्या काठावर लावावेत.