आखातीजेची रात्र

२०२४ साली आखातीज १० मे रोजी आली. त्या दिवशी आईच्या वर्षीतपाचे पारणे होते. तेरा महिने एक दिवस उपवास, एक दिवस बियासणे, असे तप पंचाहत्तराव्या वर्षी पूर्ण करून तिने उसाचा रस घेतला, तेव्हा सारा गोतावळा तिच्याभोवती होता. नव्हता तो माझा थोरला मुलगा. तो लडाखमधील हानले या गावी आकाशगंगेची छायाचित्रे काढण्यास गेला होता. ८ मे रोजी अमावास्या होती. तिच्या पुढेमागे चार-सहा रात्री चंद्राचा अडथळा नसतो आणि अशा रात्री वर्षात मोजक्याच मिळतात, हे त्याचे म्हणणे. दादीचे पारणे आयुष्यात एकदाच, हे माझे. निघताना आम्ही धड बोललोही नाही. पारण्याच्या दिवशी आईने दोनदा विचारले, “त्याचा फोन आला का?” तिकडे रेंज नव्हती. फोन आला नाही.

तीन दिवसांनी तो लेहला उतरला आणि माझ्या मोबाईलवर एक फोटो आला. खाली काळे डोंगर, वर ताऱ्यांचा सडा, आणि उत्तरेच्या क्षितिजालगत एक पुसट तांबडा पट्टा, जणू ओले कुंकू फडक्याने पुसून घेतल्यावर मागे राहिलेला डाग. खाली त्याने लिहिले होते, “पारण्याच्याच रात्रीचे आहे.”

घरी आल्यावर त्याने सगळे सांगितले. मध्यरात्र उलटून गेली होती. तिपाईवर कॅमेरा लावून, शटर वीस-वीस सेकंद उघडे ठेवून तो छायाचित्रे घेत होता. थंडीने बॅटरी उतरू नये म्हणून जादा बॅटऱ्या खिशात अंगाच्या उबेला ठेवलेल्या. एका फोटोत तांबडे दिसले. अंधाराला सरावलेली नजर बिघडू नये म्हणून हे लोक लाल बॅटरी वापरतात. तिचाच उजेड असावा, असे वाटून त्याने ती बंद केली. तांबडे तसेच. कॅमेरा दक्षिणेकडे वळवला, तर तिथे काही नाही. पुन्हा उत्तरेकडे वळवला, तर पट्टा जागेवर. मग मात्र तो तासभर तिथून हलला नाही. हानलेच्या भारतीय खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीही त्या रात्री हाच प्रकाश टिपला, हे त्याला लेहच्या बाजारात बातमी वाचून कळले.

नॉर्वे, आइसलंडकडे लोक जो उत्तर ध्रुवीय प्रकाश पाहायला जातात, त्याचेच हे दूरचे नातलग. सूर्यावरील डागांच्या एका प्रचंड समूहातून विद्युतभारित कणांचे लोट एकामागून एक सुटले आणि १० मे रोजी पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळले. २००३ नंतर एवढे मोठे चुंबकीय वादळ झाले नव्हते. उंच वातावरणातील ऑक्सिजनच्या अणूला अशा वेळी ऊर्जा मिळते आणि ती तो प्रकाशरूपाने परत करतो. शे-दीडशे किलोमीटर उंचीवर तो हिरवा प्रकाश देतो, तोही सेकंदभरात. तांबडा प्रकाश देण्यास त्याला जवळजवळ दोन मिनिटे लागतात; दाट हवेत तेवढ्या अवधीत दुसऱ्या कणाचा धक्का लागून ऊर्जा निघून जाते. म्हणून तांबडा रंग दोनशे किलोमीटरच्या वर, विरळ हवेतच. आणि उंचावरचे तेवढेच दुरून, लडाखमधून दिसू शकते. याच सूर्यावर नजर ठेवणाऱ्या आदित्य एल-१ यानावरील अतिनील दुर्बीण आपल्या आयुकाने तयार केली, हेही मला मुलाकडूनच कळले. विद्यापीठाच्या रस्त्याने मी हजारदा गेलो असेन. आत काय चालते, याची कधी चौकशी केली नव्हती.

आई सगळे ऐकत होती. तिने फोटो हातात घेतला आणि विचारले, “तुला डोळ्यांनी दिसले?”

तो क्षणभर गप्प राहिला. “नाही, दादी. मी टक लावून पाहिले. काळोखच होता.”

मिणमिणत्या उजेडात आपल्या डोळ्यांच्या ज्या पेशी काम करतात, त्यांना तांबडा रंग जवळजवळ कळतच नाही. कॅमेरा मात्र वीस सेकंद थेंब थेंब साठवतो. हे त्याने नंतर समजावले. त्या क्षणी मला राग आला. जे दिसलेच नाही, त्यासाठी पारणे चुकवले? मग दुकान आठवले. लक्ष्मी रस्त्यामागच्या आमच्या साड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक ट्यूबलाइटखाली पसंत केलेली साडी दारापर्यंत नेते. आतली काळी बाहेर गडद निळी निघते. साडी तीच असते. वडिलांची शिस्त होती की दिवेलागणीनंतर गडद रंग विकताना गिऱ्हाइकाला आधी सांगावे, उद्या उन्हात पाहून मग ठरवा.

राग निवळला तसा मी थोडे वाचू लागलो, आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपाशी थबकलो. २ सप्टेंबर १८५९ रोजी, ज्याला कॅरिंग्टनचे वादळ म्हणतात, त्या दिवशी इंग्लंडमधील क्यू येथे फोटोच्या कागदावर चुंबकसुईची हालचाल आपोआप उमटत होती. वादळ इतके मोठे की रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्याला माणसे डोळ्यांनी मापन वाचून वहीत आकडे लिहीत होती. ते आकडे टिकले. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि परदेशी सहकाऱ्यांनी २००३ साली त्याच नोंदींवरून दाखवले की चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरले होते. रोजमेळ लिहिणाऱ्या माणसाला याचा अभिमान वाटल्यावाचून राहत नाही. पुढे विजेच्या ट्राम येणार म्हणून ते काम १९०४ साली अलिबागला गेले. फेब्रुवारी १८७२ मधील वादळात तर खुद्द मुंबईतून हा प्रकाश दिसला होता!

मोठा फोटो काढायला आम्ही स्टुडिओत गेलो. “लाल जरा उठावदार करू का? सगळे तसेच करून घेतात,” त्यांनी विचारले. मी मुलाकडे पाहिले. “आहे तसाच द्या,” तो म्हणाला. नातेवाइकांना तो फोटो फिकट वाटला. एकाने तर भिंग पुसायला हवे होते, असेही सुचवले.

आईने मात्र पंचांग मागवले. फोटो किती वाजताचा, असे नातवाला विचारले. रात्री एक. तिने बोट ठेवून पाहिले. तृतीया पहाटे अडीचनंतर संपत होती. “मग हा आखातीजेचाच,” ती म्हणाली आणि पारण्याच्या अल्बममध्ये, उसाच्या रसाच्या फोटोशेजारी रिकामी राहिलेली जागा दाखवून म्हणाली, “इथे लाव.”